पिसांची माशी आणि नदीचा मासा

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो महागाई, बोनस, नाही तर किमान वेतन ह्यांपैकी एखादा विषय काढणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही त्यांतले काहीच काढणार नाही. नदीकाठी उभे राहून, पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकून मासा धरण्याची जी कला आहे, इंग्रजीत जिला फ्लाय फिशिंग म्हणतात, तिची सुरुवात कशी करावी एवढेच सांगण्याचा आमचा विचार आहे.

कोणी विचारील की, संघटनेच्या माणसाला हा विषय सुचलाच कसा? त्याचे उत्तर संघटनेच्या इतिहासातच आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. पुढे आठ तासांच्या दिवसासाठी जगभर लढे झाले. त्या मागणीचे मूळ स्वरूप तीन भागांचे होते : आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास ज्याचे त्याला. पहिल्या दोन भागांवर आम्ही मंडळींनी पुष्कळ भाषणे केली. तिसऱ्या आठ तासांत माणसाने करायचे काय, ह्यावर फारसे कोणी बोलले नाही. आम्ही बोललो नाही म्हणून ते तास मोकळे राहिले नाहीत. दारूच्या दुकानाने आणि मटक्याच्या चिठ्ठीने ते भरून काढले. आमच्या वऱ्हाडात तर जिनिंग-प्रेसिंगचे काम हंगामी. कापसाचा हंगाम संपला की हाताला काम नाही आणि मनाला विरंगुळा नाही. तेव्हा फुरसत हाही संघटनेचाच विषय आहे, असे आमचे मत आहे.

मराठीत रिकामटेकड्या माणसाला 'माशा मारीत बसला आहे' असे म्हणतात. येथे माशी मारायची नसून टाकायची असते, आणि त्यात डोळा, मनगट व डोके ह्या तिघांनाही काम पडते, हे पुढे दिसेलच.

सालमन आणि स्टीलहेड

ही कला ज्या माशांच्या पाठीमागे वाढली त्यांची ओळख आधी करून घेतली पाहिजे. सालमन हा थंड मुलखातला मासा. तो जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला परत नदीत येतो. तेही कोणत्याही नदीत नव्हे, तर बहुधा जेथे जन्मला त्याच नदीत. त्या पाण्याचा वास त्याच्या स्मरणात असतो, असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. पॅसिफिक महासागरातले सालमन अंडी घातल्यावर मरतात. अटलांटिकमधल्यांपैकी काही वाचून पुन्हा समुद्राला जातात. स्टीलहेड म्हणजे इंद्रधनुषी ट्राउट ह्या माशाचीच समुद्रावर जाऊन येणारी जात. ट्राउट हा मासा साहेबांनी काश्मिरात आणि निलगिरीत आणून सोडला, म्हणून त्याचे नाव आपल्याकडे थोडे तरी ऐकिवात आहे.

मुंबईच्या बाजारात रावसाला इंग्रजीत 'इंडियन सालमन' म्हणतात, त्याने मात्र फसू नये. रावस हा समुद्रातला निराळा मासा. त्याचे आणि सालमनचे काही नाते नाही.

सालमनविषयी एक नवलाची गोष्ट अशी की, अंडी घालण्यासाठी नदीत शिरल्यावर तो जवळजवळ खाणेच बंद करतो. तरीही त्याच्या तोंडापुढून पिसांची माशी गेली तर तो तिच्यावर झडप घालतो. भूक नसताना झडप का? रागाने, की समुद्रातल्या जुन्या सवयीने? ह्यावर जाणत्यांचे अजून एकमत नाही. पण त्यामुळे गळ टाकणाऱ्याला धीर शिकावा लागतो. दिवसभरात शंभर वेळा माशी टाकावी आणि एकदाही मासा लागू नये, हे तेथे रोजचे आहे.

आपल्या नदीतला महासीर

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपल्या उष्ण पाण्यात सालमन जगणार नाही. पण पाण्याच्या धारेविरुद्ध वर चढणारा, ताकदीचा आणि हुशार असा एक मासा आपल्याकडे आहे. त्याचे नाव महासीर. दख्खनच्या नद्यांत त्याला खडस म्हणतात. गावागणिक नाव बदलते. मेळघाटातल्या सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार ह्या नद्या तापीला मिळतात, आणि नर्मदा व तापी ह्यांच्या खोऱ्यांत महासीराची 'टोर टोर' ही जात राहते. कृष्णा व गोदावरीच्या अंगाला 'टोर खुद्री' ही दुसरी जात आढळते. ह्या दुसऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले, आणि तिचे नावही त्याने येथल्या लोकांच्या तोंडून घेतले.

महासीर हा रोहूच्या कुळातला, म्हणजे सालमनशी रक्ताचे नाते नसलेला. अंगावर मोठमोठी खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. जबड्यात दात नाहीत, पण घशात असे दात की खेकडा आणि शिंपला तो त्यांनी चुरून टाकतो. खाण्याच्या बाबतीत तो सोवळा नाही. शेवाळ, किडे, गोगलगाय, लहान मासे आणि काठच्या झाडांवरून पडलेली उंबरे, जांभळे, सगळे त्याला चालते. पावसाळ्यात पूर आला की तो वर चढतो, वरच्या अंगाच्या दगडगोट्यांच्या थरावर अंडी घालतो आणि पाणी ओसरू लागले की खाली डोहात उतरतो. उन्हाळ्यात नदीची धार तुटते आणि नुसते डोह उरतात. त्या डोहांत तो चार महिने दम धरून राहतो. सालमनची वारी समुद्रापासून डोंगरापर्यंत असते, महासीराची डोहापासून झऱ्यापर्यंत. वारीची लांबी निराळी, रीत तीच. दोघांनाही नदी मोकळी लागते.

गळाने मासे धरणे ही इंग्रजांनी आणलेली चैन आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचविला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरणच आहे. कोणते मासे कोठे राहतात, त्यांना कोणते आमिष आवडते, काठी व दोर कसा असावा, हे त्यात सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली ह्या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे साहेब आले. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले आणि महासीराचे नाव विलायतेत गाजले. १९४६ साली म्हैसूरकडे व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महासीर काठीने काढला. त्याचे नाव आजही घेतले जाते. राजाने हा खेळ केला, साहेबाने केला. शाळामास्तराने, कारकुनाने आणि कामगाराने तो का करू नये?

साधने

'हा पैसेवाल्यांचा खेळ आहे' ही शंका आम्हाला प्रत्येक वेळी विचारली जाते. म्हणून साधनांचा हिशेब आधी देतो.

पुरी सामग्री म्हणजे काठी, रीळ, दोर, पुढचा बारीक धागा आणि माशी. एका हाताने चालविण्याची काठी साधारण नऊ फुटांची असते. मोठ्या सालमनसाठी बारा ते पंधरा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची काठी वापरतात. ती रीत स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर वाढली. काठीला व दोराला नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका दोर जड. लहान माशाला पाच किंवा सहा नंबर, महासीराला आणि स्टीलहेडला सात किंवा आठ नंबर, असे ढोबळ मानाने समजावे. काठीचा नंबर आणि दोराचा नंबर एकच असला पाहिजे. नव्या माणसाने दुकानात एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ पैसा वाचतो.

जाड दोराच्या पुढे नऊ फुटांचा निमुळता होत गेलेला नायलॉनचा धागा असतो, आणि त्याच्या टोकाला माशी. नायलॉन येण्यापूर्वी हा धागा रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथींपासून करीत आणि दोर रेशमाचा विणीत. माशी म्हणजे गळावर दोऱ्याने बांधलेली पिसे आणि केस. घरच्या कोंबड्याच्या मानेची पिसे, बकरीचे केस, थोडी लोकर आणि शिवणाचा दोरा एवढ्यात चांगली माशी होते. रानपाखरांची पिसे लागत नाहीत आणि ती गोळा करूही नयेत. नाव माशी असले तरी ती माशीसारखीच दिसली पाहिजे असे नाही. महासीरासाठी बहुधा लहान माशासारखी दिसणारी, दोन-अडीच इंचांची माशी बांधतात.

आता ज्याला एवढेही परवडत नाही त्याने काय करावे? जपानच्या डोंगराळ भागात तेन्कारा नावाची रीत आहे. तीत रीळच नसते. लांब हलक्या काठीच्या शेंड्यालाच दोर बांधलेला असतो आणि दोराच्या टोकाला पिसांची माशी. दहा-बारा फुटांचा सरळ, वाळलेला वेळू आणि काठीएवढाच लांब दोर घेतला तर आपल्याकडेही ही रीत चालते. लहान माशांवर हात बसवायला ती पुरेशी आहे, आणि तिचा खर्च सिनेमाच्या तिकिटाहून जास्त नाही.

गाठीविषयी दोन शब्द. गिरणीत ताण्याचा धागा तुटला की विणकर क्षणात जी गाठ मारतो, तीच गाठ पूर्वी दोर व पुढचा धागा जोडायला वापरीत. तेव्हा गिरणीत हात घातलेल्या माणसाला हे शास्त्र अर्धे आलेलेच असते. माशी बांधताना मात्र नायलॉनचा धागा गळाच्या नेढ्यातून ओवावा, त्याच धाग्याभोवती पाच वेढे द्यावे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून परत काढावे आणि आवळण्यापूर्वी गाठ तोंडात धरून ओली करावी. कोरडी गाठ आवळली की घासून तापते आणि धागा तेथेच कमजोर होतो. मोठा मासा सुटतो तो बहुधा अशा गाठीपाशी.

फेक

नेहमीच्या गळाला शिसे असते. गोफणीतला दगड जसा सुटून जातो तसे ते शिसे पुढे जाते आणि दोर मागून ओढला जातो. पिसांच्या माशीला वजन जवळजवळ नाहीच. मग ती चाळीस फूट जायची कशी? ह्या कलेचे सारे मर्म ह्या प्रश्नात आहे. येथे वजन दोराला दिलेले असते. फेकायचा तो दोर, आणि माशी त्याच्या शेपटीला धरून जाते.

ज्याने गाडीवानाला आसूड उडविताना पाहिले आहे त्याला हे लगेच कळेल. आसूड मागे गेला, वादी पुरती उलगडली, आणि मग हात पुढे आला, तरच आवाज निघतो. घाई केली तर वादी स्वतःच्याच अंगावर येते. काठीचेही तसेच. आपल्या शेजारी घड्याळाची मोठी तबकडी उभी आहे आणि बारा हा आकडा डोक्यावर आहे, अशी कल्पना करावी. समोर पाण्याकडे दहा, पाठीमागे एक. काठी खालून सावकाश उचलावी, वेग वाढवीत न्यावी आणि एकावर टचकन थांबवावी. आता काही करू नये. दोर मागे हवेत सरळ होईपर्यंत थांबावे. मग पुढे आणून दहावर पुन्हा टचकन थांबवावी. दोर आपोआप उलगडत जातो. फेकीतली ताकद हातात नसून ह्या दोन थांब्यांत आहे. नवखा माणूस जोर लावतो आणि थांबत नाही, म्हणून त्याचा दोर पायांशी गोळा होऊन पडतो.

ही शिकवणी पाण्यावर घ्यायची नसते. गावाबाहेरचे मैदान किंवा पीक काढलेले रान पुरते. गळ काढून टाकावा, त्या जागी लोकरीचा तुकडा बांधावा, वीस पावलांवर एक टोपी ठेवावी आणि रोज वीस मिनिटे त्या टोपीवर लोकर टाकीत जावी. दोर मागे उलगडताना मान वळवून खुशाल पाहावे. महिनाभरात हात बसतो. दोन सावधगिऱ्या सांगतो. एक, डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला टोपी असावी, कारण गळ पाठीमागून कानाजवळून जातो. दुसरी, विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात काठी उभी धरू नये. हल्लीच्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते.

पाणी वाचणे

फेक आली की माणसाला वाटते, आता मासे लागणार. पण मासा जेथे नाही तेथे सुंदर फेक करून उपयोग काय? नदी वाचायला शिकावे लागते.

मासा धारेकडे तोंड करून राहतो, कारण खाणे धारेबरोबर येते. पण जोराच्या धारेत सारखे पोहत राहणे त्याला परवडत नाही. कमी श्रमात पोट भरणारी जागा तो शोधतो. मोठ्या दगडाच्या पुढे आणि पाठीमागे, धावते पाणी डोहात शिरते त्या ओठाशी, काठाच्या कपारीखाली, उंबराची फांदी पाण्यावर आली असेल तेथे. ह्या जागा आधी काठावर बसून पाहून घ्याव्यात. काठावर ताठ उभे राहू नये, सावली पाण्यावर पडू देऊ नये, पाय आपटू नये. माशाला पायांचा धक्का जमिनीतून पाण्यात समजतो.

सालमन आणि स्टीलहेडची जी जुनी रीत आहे ती महासीरालाही चालते. काठावरून धारेच्या दिशेने तिरकी, पलीकडच्या खालच्या अंगाला माशी टाकावी. दोर ताणलेला ठेवावा. धार माशीला ओढत अर्धवर्तुळात आपल्या काठाकडे आणते. ती आली की दोन पावले खाली सरकावे आणि पुन्हा टाकावी. अशा रीतीने डोहाचा सारा ओठ, अंगण सारविताना हात फिरावा तसा, एकही जागा न सोडता झाडून काढला जातो.

मासा लागला की काय? महासीर झडप घालतो तो एवढ्या जोराने की गळ स्वतःच रुततो. पहिल्या धावेत त्याला अडवू नये. रिळातून दोर जाऊ द्यावा. काठी उंच धरावी, म्हणजे धक्का तिच्या लवचिकपणावर जातो, धाग्यावर येत नाही. तो थांबला की दोर गुंडाळावा, तो पळाला की सोडावा. संपात वाटाघाटी करणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही : कोठे ताणायचे आणि कोठे ढील द्यायची हे ज्याला कळते, त्याचा धागा तुटत नाही.

महासीर पाण्यात परत सोडावा, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे. तो सावकाश वाढतो, आणि मोठी मादी म्हणजे पुढच्या पिढ्यांचे कोठार असते. त्यासाठी गळाचा उलटा दात पकडीने आधीच चेपून ठेवावा. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व तेथे रोग धरतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. गळ पाण्यातच काढावा, त्याला धारेकडे तोंड करून हलकेच धरावे, आणि तो आपल्या बळाने निघाला की सोडावे. खाण्यासाठी मासा हवाच असेल तर तळ्यातला चिलापी खुशाल न्यावा. तो परमुलखातून आलेला, पुष्कळ वाढणारा आणि चवीला चांगला आहे.

कोठे आणि केव्हा

आता अमरावती-अकोल्याच्या माणसाने कोठे जावे? पहिली गोष्ट, कोठे जाऊ नये ते सांगतो. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ पासून तो राखीव आहे. तेथल्या नद्यांत मासे धरण्यास बंदी आहे. सेमाडोहला किंवा कोलकासला जाऊन सिपनेचे पाणी पाहावे, महासीर कसा फिरतो ते काठावरून न्याहाळावे, पण काठी घरी ठेवावी. महानच्या काटेपूर्णा जलाशयाला लागूनही अभयारण्य आहे, तेव्हा तेथे हद्द विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

उरली ती धरणांची व तलावांची पाणी. मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा धरण हे त्यांतले मोठे. अशा पाण्यात मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. तेथे रोहू, कटला, मृगळ ह्यांचे बीज त्या संस्थेने पैसे मोजून सोडलेले असते. म्हणून संस्थेच्या कार्यालयात जावे, परवानगी मागावी, फी असेल ती भरावी. आपला छंद हा दुसऱ्याच्या पोटाशी संबंध असलेला छंद आहे, हे क्षणभरही विसरता कामा नये. आणि भोई बांधवांकडे जावे ते शिकायला जावे. कोणत्या वाऱ्याला मासा काठाशी येतो, मरळ पिलांना घेऊन कोठे फिरते, हे पुस्तकात नसते. नवख्याने पहिला हंगाम चिलापी आणि मरळ ह्यांवरच काढावा. पिलांजवळ असलेल्या मरळीला मात्र हात लावू नये.

हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यात मासा अंडी घालायला जात असतो, तेव्हा त्याची वाट अडवू नये. शिवाय पुराचे पाणी आणि धरणाची दारे कोणाला ओळखत नाहीत. उन्हाळ्यात डोहातल्या माशाला छळू नये. त्याचे कारण शास्त्रीय आहे. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. वऱ्हाडातल्या वैशाखात डोह ह्याहूनही तापतो. अशा पाण्यात दहा मिनिटे झुंजलेला मासा आपण सोडला तरी तो जगेलच असे नाही.

नदी कोणाची

येथवर छंद झाला. पण ज्या माणसाने एकदा नदी वाचायला घेतली त्याला मधेच पुस्तक मिटता येत नाही. मासा का दिसत नाही, हे तो विचारू लागतो.

पूर्णा नदी सातपुड्यातून निघते, खारपाणपट्ट्यातून वाहते आणि चांगदेवला तापीला मिळते. तापीवर १९७२ साली गुजरातेत उकाई धरण झाले. पुढे भुसावळजवळ हतनूरचे झाले. धरणे शेताला आणि गावाला पाणी देतात. त्यांच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण वर चढणाऱ्या माशाला ती भिंत आहे, हेही खरे. त्यात वाळूचा उपसा झाला की अंडी घालायची जागा जाते. आणि काही ठिकाणी आळशी लोक पाण्यात सुरुंग उडवितात किंवा विष कालवितात. १८९७ च्या मत्स्यकायद्यानेच ह्या दोन्ही गोष्टी गुन्हा ठरविल्या आहेत. एका सुरुंगाने घरी चार मासे येतात आणि डोहातली सारी पिलावळ मरते.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. कोलंबिया नदीवर १९४२ साली ग्रँड कूली हे प्रचंड धरण झाले. त्याला माशांसाठी पायऱ्यांची वाट ठेवलेली नव्हती. वरच्या शेकडो मैलांतून सालमन नाहीसा झाला, आणि त्याच्यावर जगणाऱ्या आदिवासींच्या चुली थंडावल्या. पण तेथले आदिवासी गप्प बसले नाहीत. जुन्या तहांतल्या शब्दांवर बोट ठेवून ते न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की, वॉशिंग्टन राज्यात ह्या तहांखाली धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यावर आदिवासींचा हक्क आहे. पुढे एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये आणि क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत काढून टाकण्यात आली. क्लॅमथवरचे शेवटचे धरण गेले त्याच वर्षी सालमन वर चढला. संघटित माणसे एका माशाला त्याची वाट परत मिळवून देऊ शकतात, हे ह्यावरून सिद्ध होते.

आपल्याकडेही चांगली कामे झाली आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे म्हणून लोक महासीराला पिढ्यान्‌पिढ्या राखीत आले आहेत. तेथे पहारेकरी नाही, श्रद्धेचा धाक आहे. लोणावळ्याला वळवण तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महासीराची कृत्रिम पैदास सुरू केली, आणि ते बीज दूरदूरच्या नद्यांत गेले. मात्र ह्यातूनही एक धडा निघाला. लोणावळ्याकडचा महासीर कावेरीत सोडला गेला, आणि कावेरीचा स्वतःचा मदारीचा महासीर त्याच्यापुढे मागे पडला, असे शास्त्रज्ञांनी २०१५ साली मांडले. व्हॅन इंगेनच्या त्या १२० पौंडी माशाची ती जात आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. प्रत्येक नदीला तिचाच मासा हवा. उत्साहाच्या भरात परका मासा आणून टाकणे हा उपकार नव्हे.

म्हणून नव्या माणसाने आपले पहिले वर्ष असे घालवावे. दोन महिने मैदानात फेक शिकावी. हिवाळा परवानगी घेऊन तळ्यावर, लहान माशांच्या संगतीत काढावा. उन्हाळ्यात काठी बांधून ठेवावी आणि आपल्या गावाजवळच्या नदीत किती डोह उरले, त्यांत पाणी किती, कोणी विष घालते काय, ह्याची वहीत नोंद करावी. ती वही घेऊन चार मित्र, दोन भोई आणि एक शाळामास्तर ह्यांनी ग्रामपंचायतीपुढे उभे राहावे आणि गावापुरता एक डोह राखून ठेवण्याची मागणी करावी. देवीच्या नावाने वाळणकोंड राखता येते, तर गावाच्या ठरावाने एक डोह राखता येऊ नये असे नाही.

एक माणूस काठी घेऊन नदीवर गेला तर तो छंद. दहा माणसे गेली आणि त्यांनी नदीचे पाणी मोजायला सुरुवात केली, तर ती चळवळ. रविवार आपल्याला मागून मिळाला नाही, संघटनेने मिळविला. त्या रविवारी जाऊन बसावे अशी वाहती नदी आणि तिच्यातला मासाही तसाच मिळवावा लागेल.